पेशीपटलातील मेद, पोटॅशियमची मार्गिका आणि सिकलसेल : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत 'सिकलसेल' हा शब्द आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आश्रमशाळेतील मुलांच्या तपासणीत, लग्न जुळविताना, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द सहज उच्चारले जातात. राजुरा तालुक्यातून वेगळ्या झालेल्या जिवती तालुक्यात, माणिकगडच्या पहाडावरील गोंड, कोलाम व परधान वस्त्यांतही ते पोहोचले आहेत. मात्र ज्या स्वरूपात हे ज्ञान पोहोचले, ते स्वरूप एकाच रेणूपुरते मर्यादित आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी एक अमिनो आम्ल बदलते, म्हणून लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते, एवढे विवेचन आपल्या पाठ्यपुस्तकांतून आढळते. ते चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. हिमोग्लोबिन ज्या पिशवीत बंदिस्त असते त्या पिशवीचा, म्हणजेच पेशीपटलाचा, या आजारातील वाटा त्यात जवळजवळ नोंदविलाच जात नाही.

पेशीपटल मुख्यत्वे मेदद्रव्यांचे, म्हणजे लिपिडांचे, बनलेले असते. या मेदांत पोटॅशियम आयनांना ये-जा करू देणाऱ्या प्रथिनमय मार्गिका रोवलेल्या असतात. मेद हे केवळ या मार्गिकांचे घर नसून त्यांच्या उघडझापीचे नियामकही आहेत, ही जाणीव विज्ञानात १९९६ नंतर दृढ झाली. प्रस्तुत लेखात या जाणिवेचा इतिहास तपासला आहे. हा इतिहास बहुधा मज्जापेशी व हृदयपेशी यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. लाल रक्तपेशीच्या बाजूने पाहिल्यास त्याचे स्वरूप बदलते आणि तो आपल्या जिल्ह्यांच्या अगदी जवळ येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लाल पेशीतून पेशीपटलाचा शोध

पेशीपटल दोन थरांचे असते हा सिद्धांत लाल पेशींच्याच आधारे मांडला गेला. १९२५ मध्ये नेदरलँडमधील लायडन येथे गोर्टर व ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतील मेद ॲसिटोनने काढून पाण्याच्या पृष्ठभागावर पसरविले. त्या मेदाने व्यापलेले क्षेत्रफळ पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरले. यावरून मेदाचे रेणू दोन थरांत मांडलेले असावेत, असे अनुमान त्यांनी काढले. पुढे असे आढळले की, सगळा मेद त्यांच्या हाती लागलाच नव्हता आणि पेशीचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरले होते. दोन्ही चुका एकमेकींना छेदून गेल्या आणि निष्कर्ष बरोबर ठरला. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळ नाहीत, तरी हे विशेष मासलेवाईक म्हणावे लागेल. लाल पेशीत केंद्रक नसते, आतील इतर पटले नसतात. त्यामुळे तिच्यातून मिळणारा मेद हा निखळ बाह्यपटलाचा मेद असतो. गोर्टर व ग्रेंडेल यांना हा लाभ मिळाला.

याच धाग्यात आणखी एक नाव गुंफले गेले आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, जोनाथन सिंगर व इबर्ट वेल्स यांनी सिकलसेल हा 'रेणवीय आजार' असल्याचे सिद्ध केले. विद्युतक्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी व्यक्तीच्या हिमोग्लोबिनहून वेगळ्या गतीने सरकते, हा त्यांचा पुरावा होता. या चौघांपैकी सिंगर यांनीच १९७२ मध्ये गार्थ निकोल्सन यांच्यासह पेशीपटलाचे 'द्रव-मोझेक' प्रतिमान मांडले. मेदांच्या प्रवाही थरात प्रथिने तरंगत असतात, असे हे प्रतिमान आज प्रत्येक विद्यार्थी आकृतीसह पाठ करतो. सिकलसेलचे रेणवीय स्वरूप व पेशीपटलाचे प्रतिमान ही दोन प्रकरणे आपल्या अभ्यासक्रमात वेगवेगळ्या सत्रांत शिकविली जातात. दोन्हींमागे एकच संशोधक आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

१९५२ आणि १९५८

१९५२ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय होय. त्या वर्षी हर्मन लेहमन व मेरी कटबुश यांनी नीलगिरी परिसरातील आदिवासींत सिकलसेलचा गुणधर्म असल्याचे प्रसिद्ध केले. आसामच्या चहामळ्यांतील मजुरांविषयीचा वृत्तांतही त्याच वर्षीचा. तोपर्यंत हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांचा, असा समज प्रचलित होता. कारण १९१० मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी ज्या रुग्णाचे वर्णन केले तो ग्रेनाडा बेटावरून आलेला विद्यार्थी होता. जिवतीचा पहाड १९५२ मध्ये हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका आधी नांदेड जिल्ह्याला जोडण्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. प्रशासकीय सीमा अशा बदलत राहिल्याने या भागातील आरोग्यविषयक नोंदी एका ठिकाणी सलग सापडणे कठीण जाते. सीमेवरील चौदा गावांवर तर महाराष्ट्र व तेलंगणा या दोन्ही राज्यांनी दावा सांगितलेला आहे.

त्याच १९५२ साली अमेरिकेत डॅनियल टोस्टेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळीच गोष्ट निदर्शनास आणली. सिकलसेल रुग्णाच्या लाल पेशींतील प्राणवायू काढून घेतला की, त्या पेशी पोटॅशियम गमावतात आणि सोडियम आत घेतात. निरोगी लाल पेशीत पोटॅशियमचे प्रमाण दर लिटरला सुमारे १०० मिलिमोल असते, तर भोवतालच्या रक्तद्रवात ते चार-पाचच्या आसपास असते. हा फरक टिकविणारा सोडियम-पोटॅशियम पंप येन्स स्काऊ यांनी पुढे १९५७ मध्ये शोधला. म्हणजे टोस्टेसन यांनी गळती पाहिली तेव्हा पंपाचे स्वरूपही ठाऊक नव्हते.

गळतीचे दार सापडले ते १९५८ मध्ये. बुडापेस्ट येथील जॉर्ज गार्डोस यांनी लाल पेशींतील ऊर्जा संपविली आणि असे दाखविले की, अशा पेशीत कॅल्शियम शिरले की पोटॅशियम वेगाने बाहेर पडते. कॅल्शियम काढून टाकल्यास ही गळती थांबते. 'गार्डोस मार्गिका' हे नाव तिला पुढे पडले. आणि १९५८ मध्येच शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विदर्भातील सिकलसेलच्या अभ्यासाचा हा प्रारंभ मानला जातो. वर्षे जुळली म्हणून त्यांत कार्यकारणसंबंध शोधू नये. तथापि एक बाब नोंदविण्याजोगी आहे. बुडापेस्ट आणि नागपूर येथे एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन वाटा पुढील कित्येक दशके परस्परांना भेटल्या नाहीत. भारतात मोजणीची परंपरा वाढली. पेशीच्या शरीरक्रियेचा अभ्यास पाश्चात्त्य प्रयोगशाळांत राहिला.

मोजणीच्या परंपरेने महत्त्वाची माहिती दिली हे निश्चित. डॉ. सुदाम काटे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या महाराष्ट्रातील सर्वेक्षणांत निरनिराळ्या आदिवासी जमातींतील प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. भिल्ल, माडिया, पावरा, परधान व ओतकर यांत ते २० ते ३५ टक्के होते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ व नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाज त्यांनी २००२ मध्ये मांडला. विदर्भात हा आजार आदिवासींपुरता नाही. अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो. मोजणीची मर्यादा डॉ. अभय बंग यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितली आहे. गडचिरोलीतील कामाच्या आरंभी त्यांनी व डॉ. राणी बंग यांनी सिकलसेलचे सर्वेक्षण केले. परंतु लोकांना तो आपला अग्रक्रमाचा प्रश्न वाटत नव्हता. आकडा संशोधकाला मिळाला. ज्याचे रक्त घेतले त्याला काय मिळाले, हा प्रश्न शिल्लक राहिला.

पाणी गमावलेली पेशी

पोटॅशियम गेल्याने इतके काय बिघडते, हे समजण्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. पोटॅशियम बाहेर पडले की विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी क्लोराइडही बाहेर पडते आणि या दोन्हींपाठोपाठ पाणी जाते. पेशी आकसते, आतील हिमोग्लोबिनचे प्रमाण तेवढेच राहिल्याने त्याची घनता वाढते. हॉफ्रिक्टर, रॉस व ईटन यांनी १९७४ मध्ये दाखविले की, प्राणवायू गेल्यानंतर सिकल हिमोग्लोबिनचे तंतू बनण्यास काही काळ लागतो आणि हा काळ हिमोग्लोबिनच्या घनतेवर विलक्षण तीव्रतेने अवलंबून असतो. साधारणतः तिच्या तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. हिशेब करून पाहिल्यास घनता अवघी पाच टक्क्यांनी वाढली तरी हा काळ जवळपास चौथाईवर येतो. केशवाहिनीतून पार होण्यास लाल पेशीला साधारण एक सेकंद लागतो. तंतू बनण्याआधी ती फुप्फुसाकडे परतली तर काही बिघडत नाही. वाटेतच तंतू बनले तर ती अडकते, आणि रुग्णाच्या हाडापोटात कळा सुरू होतात. म्हणजे हिमोग्लोबिनचा दोष तोच राहूनही पेशीत पाणी किती, यावर पेशीचे भवितव्य ठरते. पाणी किती, हे बऱ्याच अंशी पोटॅशियमची मार्गिका ठरविते.

येथे एक दुष्टचक्र दिसून येते. पेशी विळ्याच्या आकाराची झाली की पटल ताणले जाते व कॅल्शियम आत शिरते, कॅल्शियममुळे गार्डोस मार्गिका उघडते, पाणी जाते, घनता वाढते, पुढच्या फेरीत पेशी अधिक लवकर वाकते. याच कॅल्शियममुळे पटलाच्या मेदांची मांडणीही विस्कटते. निरोगी लाल पेशीत फॉस्फॅटिडिल-सेरीन हा मेद पटलाच्या आतल्या थरातच असतो. दोन्ही थर सारखे नसतात हे मार्क ब्रेचर यांनी १९७२ मध्ये मांडले होते. सिकलसेलमध्ये हा मेद काही पेशींच्या बाहेरच्या थरावर येतो. त्यामुळे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. मार्गिका व मेद या दोन्हींना एकच कॅल्शियम हलविते, ही गोष्ट दीर्घकाळ दोन स्वतंत्र प्रकरणांत विभागून अभ्यासली गेली.

मेद नियामक ठरतात

मेद हे पेशीचे संदेशवाहक असू शकतात, याची पहिली चाहूल १९५३ मध्ये मेबेल व लोवेल होकिन यांच्या प्रयोगांतून लागली. उद्दीपन मिळताच पेशीतील इनॉसिटॉलयुक्त मेदांची उलाढाल वाढते, असे त्यांना आढळले. परंतु मेद स्वतःच एखाद्या आयन-प्रथिनाला धरून त्याचे कार्य बदलतो, हे डोनाल्ड हिल्गेमन व रेबेका बॉल यांनी १९९६ मध्ये दाखविले. पटलाच्या आतल्या थरात अत्यल्प प्रमाणात असणारा फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉल-बायफॉस्फेट हा तो मेद होय. संशोधक त्याला संक्षेपाने 'पिप-टू' म्हणतात. हृदयपेशीतील, एटीपीने बंद होणारी पोटॅशियम मार्गिका या मेदाने खुली राहते, असे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी पिप-टूमुळे याच मार्गिकेची एटीपीविषयीची संवेदनशीलता घटते, असे सिद्ध केले. स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींतही ही मार्गिका असल्याने या शोधाचा संबंध मधुमेहाशी येतो.

त्याच वर्षी रॉडरिक मॅकिनन यांनी जिवाणूतील पोटॅशियम मार्गिकेची त्रिमितीय रचना उलगडली. त्यासाठी त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याच गटाने २००२ मध्ये दाखविले की, ही मार्गिका नीट चालण्यासाठी तिच्याभोवती ऋणभारित मेद असावा लागतो. २०११ मध्ये पिप-टू नेमका कोठे चिकटतो, हेही रचनेत दिसले. मेदाचा ऋणभारित शिरोभाग मार्गिकेच्या धनभारित अमिनो आम्लांना धरतो, आतला भाग पटलाकडे ओढला जातो आणि दार उघडण्याच्या स्थितीत येते. हृदयाची लय व स्नायूंची शक्ती यांवर परिणाम करणाऱ्या अँडरसन संलक्षणात मार्गिकेची ही मेद धरण्याची जागाच अनेकदा बिघडलेली असते. मेदांचा परिणाम नेहमी उघडण्याच्याच दिशेने होतो असे मात्र नाही. पटलात कोलेस्टेरॉल वाढले असता यांपैकी काही मार्गिका मंदावतात.

गार्डोस मार्गिकेचे जनुक १९९७ मध्ये हाती आले आणि 'केसीए ३.१' हे तिचे औपचारिक नाव रूढ झाले. लाल पेशीतील मार्गिका तीच आहे, याची खातरजमा २००३ मध्ये झाली. या मार्गिकेचे मेदांशी असलेले नाते काहीसे आडवळणाचे आहे. न्यूयॉर्क येथील एडवर्ड स्कोलनिक यांच्या गटाने २००५ व २००६ मध्ये असे दाखविले की, फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉल-थ्री-फॉस्फेट हा मेद कमी झाला की मार्गिका निष्क्रिय होते. येथे मेद स्वतः दार ढकलीत नाही. तो एका विकराच्या द्वारे मार्गिकेच्या शेपटीकडील हिस्टिडीनवर फॉस्फेट बसविण्यास साहाय्य करतो. हे प्रयोग प्रामुख्याने टी-लसीकापेशी व प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर झाले. आंतरिक पटले नसलेल्या परिपक्व लाल पेशीला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरेल. ॲराकिडोनिक आम्ल हा मेदजन्य पदार्थ मात्र याच मार्गिकेला थेट बंद करतो, हे १९९८ पासून ज्ञात आहे, आणि पुढे २००३ मध्ये त्याची जागाही निश्चित झाली.

एका औषधाची कहाणी

मार्गिका बंद केली तर रुग्णाला आराम पडेल, हे अनुमान स्वाभाविक होते. कार्लो ब्रुन्यारा व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले की, बुरशीवरील क्लोट्रिमॅझोल हे परिचित औषध गार्डोस मार्गिका रोखते. १९९६ मध्ये मोजक्या रुग्णांना ते देण्यात आले, तेव्हा पेशींतील पाण्याचे प्रमाण सुधारले. त्याच्या धर्तीवर 'सेनिकॅपॉक' हे नवे औषध तयार झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिमोग्लोबिन वाढले व पेशींचा नाश घटला. परंतु मोठ्या, तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत वेदनांचे झटके कमी झाले नाहीत आणि ती मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. तिचा अहवाल २०११ मध्ये आला.

या अपयशाची एक मीमांसा अशी की, पेशी अधिक टिकल्याने रक्तातील पेशींचे प्रमाण वाढले व रक्त दाट झाले. ती ग्राह्य वाटते. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्यामागे एक विचारपद्धतीही दिसते. मार्गिकेला नळाची तोटी मानले गेले, आणि ती ज्या मेदात रोवली आहे त्याची स्थिती, पेशीची चिकटण्याची वृत्ती, भिंतीशी होणारा संघर्ष हे सारे नळाबाहेरचे समजले गेले. असाच प्रकार वेगळ्या औषधाबाबत घडला. व्हॉक्सेलोटर हे औषधही हिमोग्लोबिन वाढविण्याच्या निकषावर २०१९ मध्ये अमेरिकेत संमत झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतले. याउलट, १९९५ च्या चाचणीपासून टिकून असलेले हायड्रॉक्सियुरिया कोणत्याही एका मार्गिकेवर बेतलेले नाही. त्याने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते, पेशी फुगीर राहतात, त्यांचे चिकटणेही घटते. ते तुलनेने स्वस्त आहे, ही बाब आपल्या भागासाठी गौण नाही.

जिवतीचे रक्त, चंद्रपूरची प्रयोगशाळा

भारतातील रुग्णांत आढळणाऱ्या सिकल जनुकाची पार्श्वभूमी आफ्रिकेतील प्रकारांहून भिन्न आहे. 'अरब-भारतीय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक असते. ते ज्या पेशीत अधिक, तेथे तंतू सावकाश बनतात; म्हणजे कॅल्शियमचा शिरकाव व पोटॅशियमची गळतीही वेगळ्या प्रमाणात व्हावयास हवी. म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असे पूर्वी सरसकट म्हटले जात असे. विदर्भातील बालरुग्णांच्या अभ्यासांनी त्या समजुतीला तडा दिला. गार्डोस मार्गिकेविषयीचे जे निष्कर्ष परदेशातील रुग्णांवरून काढले गेले, ते परधान वा माडिया रुग्णाच्या पेशीला कितपत लागू पडतात, हा त्यामुळे खुला आणि महत्त्वाचा प्रश्न आहे.

पाण्याचा मुद्दाही येथे टाळता येत नाही. सिकलसेलच्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, हा सल्ला प्रत्येक समुपदेशक देतो. पहाडावरील गावांत उन्हाळ्यात पाणीटंचाई असते आणि चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. शरीरातील पाणी कमी होणे व मार्गिकेतून पेशीचे पाणी जाणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, त्यांची गल्लत करू नये. परंतु दोन्हींचा शेवट हिमोग्लोबिनची घनता वाढण्यात होतो. त्यामुळे पहाडावरची नळयोजना हा सिकलसेलच्या उपचाराचा भाग ठरतो, मग तो खर्च कोणत्याही खात्यातून होवो.

१ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. मोजणीची परंपरा येथे राष्ट्रीय प्रमाणावर पोहोचली. मात्र त्याआधी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे चंद्रपूर येथील हिमोग्लोबिन-विकारांचे संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्र राष्ट्राला अर्पण झाले, ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण वाटते. त्याचे कारण तांत्रिक आहे. जनुकाची तपासणी साठविलेल्या, गोठविलेल्या किंवा कागदावर वाळविलेल्या रक्तावरही होऊ शकते. म्हणून आजवर नमुने मुंबई-पुण्याला पाठविता आले. मार्गिकेची उघडझाप आणि मेदांच्या थरांची मांडणी मात्र जिवंत, ताज्या पेशीतच मोजावी लागते. थंड पेटीत ठेवलेल्या पेशीचा पंप मंदावतो, पोटॅशियम आपोआप बाहेर झिरपते, आणि मग जे मोजले जाते ते आजाराचे की प्रवासाचे, हे सांगता येत नाही. जिवतीहून सकाळी घेतलेले रक्त गडचांदूर-राजुरामार्गे त्याच दिवशी चंद्रपूरला पोहोचू शकते.